कोचिंग करताना या चुका टाळा: प्रश्न सुटतो, माणूस बाजूलाच राहतो

इथे कोच म्हणजे क्लास घेणारा नव्हे, तर संवादातून क्लायंटला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करणारा. असा नवखा कोच उघड सल्ला सहसा देत नाही. तो सल्ल्याला प्रश्नचिन्ह जोडतो. ‘तुम्ही वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलून का पाहत नाही?’ क्लायंट ‘हो, बघतो’ म्हणतो, वहीत लिहूनही घेतो आणि पुढच्या सेशनला ‘जमलं नाही’ म्हणत येतो. मग कोच त्याच्यावर ‘कमिटमेंट नाही’ असा शिक्का मारून मोकळा! अहो, ती कृती त्याची नव्हतीच, तुमची होती. त्यापेक्षा ‘त्या बोलण्यातून तुम्हाला काय हवंय?’ असं विचारा. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तुम्हालाही आधी ठाऊक नसेल. काही सुचवावंसं वाटलंच तर आधी ‘सांगू का?’ म्हणा आणि सांगून झाल्यावर ‘यातलं काय लागू पडतं?’ विचारा. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर चेहरा पाडू नका.

१९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या व्याख्येत कोचिंग म्हणजे क्लायंटसोबतची भागीदारी. पण आजचा विषय कोणता आणि शेवटी काय हाती लागलं म्हणजे वेळ सार्थकी लागला, हे क्लायंटने ठरवलंच नसेल, तर ती भागीदारी कागदावरच राहते. ‘ग्रो’ मॉडेलचे चार टप्पे (ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, कृतीचा निर्धार) फॉर्म भरल्यासारखे उरकणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. क्लायंट वेळेच्या नियोजनाबद्दल बोलतो. बोलता बोलता ‘मला कुणाला नाही म्हणता येत नाही’ म्हणतो आणि त्याचा आवाज उतरतो. कोच मात्र वेळापत्रकालाच चिकटून बसतो. तिथे थांबायला हवं होतं. ‘हे सांगताना तुमचा आवाज बदलला. यावर बोलायचंय, की नियोजनाकडेच जायचं?’ निवड त्याची.

संपूर्ण माणूस पाहायचा म्हणून बालपण उकरत बसणं हीही चूकच. सतत झोप उडालेली असेल, हताशपणा असेल, जीव देण्याचे विचार असतील, तर कोचिंग बाजूला ठेवून मानसोपचार तज्ज्ञांची मदत मिळवून द्या; शेवटच्या बाबतीत तर लगेच.

फी कंपनी भरत असेल तर एचआरला काय कळवलं जाईल आणि काय नाही, हे पहिल्या सेशनपूर्वी कोच, क्लायंट आणि कंपनी अशा तिघांनी मिळून लेखी ठरवा. नाहीतर क्लायंट मोजूनमापून बोलतो आणि त्याला बोलतं कसं करावं, याच विवंचनेत कोच महिनोन् महिने राहतो.