हनिमूनला कुठे जायचं? ठिकाण सगळ्यात शेवटी ठरवा

लग्न ठरलं की पुण्यात हॉल मिळाला का, हा पहिला प्रश्न असतो आणि 'मग, हनिमूनला कुठे?' हा दुसरा. मावशी काश्मीर म्हणते, ऑफिसमधले बाली सुचवतात, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पॅकेजचं पत्रक पाठवून देतं. एवढ्यात कुणालाही उत्तर देऊ नका. आधी बाकीच्या गोष्टी ठरल्या, की ठिकाण बरंचसं आपोआप ठरतं.

पहिलं काम : हातात खरे दिवस किती?

कॅलेंडर घेऊन दोघं एकत्र बसा. समजा दोघांनाही बारा दिवसांची रजा आहे. लग्नाआधीचे तीन दिवस ग्रहमख, मेंदी, हळद यांत जातात. चौथा लग्नाचा. मग सत्यनारायण, मग कुलदैवत. खंडोबा असेल तर जेजुरीला जायचं, तिथे नवऱ्याने नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या. त्यानंतर तिच्या माहेरी जेवण. परत आल्यावर ऑफिसआधी एक दिवस कपडे धुवायला आणि झोपायला लागतोच. उरले चार. त्यातले येण्या-जाण्याचे वजा केले तर दोन-अडीच दिवस हातात राहतात. एवढ्यात एकच ठिकाण होतं. मुक्काम बदलला की सामान बांधणं, गाडी, नवी खोली यांत अर्धा दिवस जातो.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान तर घेऊच नका. लग्नघरात चार-पाच रात्री कुणाची धड झोप झालेली नसते.

दुसरं काम : एकमेकांना साधे प्रश्न विचारा

मला हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यामागे अनुभव आहे. आमचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. साखरपुड्यानंतर तीन महिने फोनवर तासन्‌तास बोललो, पण मला गाडी लागते हे काही मी सांगितलं नव्हतं. नव्या माणसाला असलं काय सांगायचं, असं वाटलं. पॅकेज होतं पाच रात्रींचं, सिमला आणि मनाली, आणि दिल्लीहून जाताना रात्रीची बस. डोंगर सुरू झाले तशी मी मेंदीच्या हातात प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून बसले. दुसऱ्या हाताने हिरवा चुडा दाबून धरला होता, किणकिणून शेजारी झोपलेला माणूस जागा होऊ नये म्हणून. तो जागा झालाच. आधी घाबरला, मग म्हणाला, "अगं, सांगायचं ना!" पोचल्यावरचा अख्खा दिवस मी झोपून काढला आणि तो बिचारा उशाशी लिंबू-पाणी घेऊन बसला.

म्हणून विचारा. गाडी लागते का? बोट? थंडी सोसते का? पाण्याची भीती वाटते का? सकाळी सहाला उठून फिरायला आवडतं की दहापर्यंत लोळायला? एकाला मासे हवेत आणि दुसऱ्याला वासही चालत नाही, असं आहे का? पाळीची तारीखही मोकळेपणाने बोला आणि शक्य असेल तर प्रवासाचे दिवस तशा बेताने धरा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

या उत्तरांवर ठिकाण बदलतं. केरळचंच घ्या. कोची ते मुन्नार साधारण 130 किलोमीटर, पण घाटामुळे चार-पाच तास लागतात. गाडी लागणाऱ्याने मुन्नार सोडून कोचीहून सपाट रस्त्याने अलेप्पी गाठावी. तिथली हाउसबोट मात्र रात्रभर चालत नाही. संध्याकाळी काठाला बांधतात आणि सकाळी पुन्हा थोडी फिरवतात. हे आधी माहीत असलं की हिरमोड होत नाही.

तिसरं काम : मुहूर्ताचा महिना बघा

तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त असतील, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, तर केरळ, राजस्थान, अंदमान, तारकर्ली सगळं उत्तम. मे महिन्यातलं लग्न असेल तर हिमाचल किंवा सिक्कीम. जूनच्या मुहूर्ताला समुद्राचा विचार सोडा. पावसाळ्यात तारकर्लीचं स्कूबा बंद असतं आणि अंदमानचा समुद्रही खवळलेला असतो. लेह साधारण 3500 मीटर उंचीवर आहे, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते, त्यामुळे चार दिवसांच्या रजेत ते बसवू नका.

रजाच नसेल तर दोन रात्री महाबळेश्वरच्या पलीकडे तापोळ्याला जाऊन या, कोयनेच्या पाण्याकाठी. शनिवार-रविवार टाळा. मोठी सहल दिवाळीनंतर करा. त्यात कमीपणा काही नाही.

मग पैसे आणि पॅकेज

आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि आहेराच्या पाकिटांवर विसंबू नका. लग्नासाठी काढलेल्या कर्जात हनिमूनचं कर्ज घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण आता 60 दिवस आधीच सुरू होतं, ती तारीख लिहून ठेवा.

पॅकेज घेताना हॉटेलचं नाव लेखी मागा. 'किंवा तत्सम हॉटेल' असं लिहिलेलं असेल तर तत्सम म्हणजे कोणतं, ते विचारा. बेडवरची फुलं आणि केक यांना भुलू नका, गाडी फक्त तुमच्यासाठी आहे की इतरांबरोबर, ते बघा. 24 आणि 31 डिसेंबरला बरीच हॉटेलं सक्तीच्या जेवणाचे वेगळे पैसे लावतात, तेही विचारून घ्या.

परदेशी जायचं असेल तर पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर हवं. माहेरचं नाव असेल तर माहेरच्याच नावाने तिकीट काढा, नाव बदलायची घाई नको. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असू द्या.

बुकिंग झालं की कार्यक्रमातला एक अख्खा दिवस पेनाने खोडून रिकामा ठेवा. आणि घाटाचा रस्ता असेल, तर ज्याला गाडी लागते त्याला ड्रायव्हरच्या शेजारची जागा.