शाळेसाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचाय? आधी भिंतीतला प्लग बघा

शाळेला व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा ठरला की ऑफिसातलं कोणीतरी मोबाइल काढतं, वॅट जास्त आणि किंमत कमी असं काहीतरी शोधून ऑर्डर टाकतं. मशीन येतं, आठवडाभर कौतुक होतं, मग ते जिन्याखाली जुन्या बाकांच्या मागे जाऊन बसतं. मशीन वाईट नसतं हो, ते टू बीएचके फ्लॅटसाठी बनवलेलं असतं आणि आपण ते तीन मजली शाळेवर सोडतो. त्यामुळे ब्रँड, ऑफर वगैरे नंतर, आधी शाळेतच वही घेऊन एक चक्कर मारा.

1. कुठे खरंच गरज आहे ते लिहा

सगळ्या शाळेला व्हॅक्यूम लागत नाही, हे माझं स्पष्ट मत. कोटा किंवा मोझॅकचा व्हरांडा झाडू-पोछ्याने भराभर होतो, तिथे मशीन फिरवणं म्हणजे वेळ घालवणं. खरी गरज असते ती नर्सरीतल्या मॅट आणि सतरंज्या, हॉलमधलं कार्पेट, लायब्ररीची कपाटं, कॉम्प्युटर लॅब, खिडक्यांच्या जाळ्या आणि फळ्याखालच्या पट्टीत, कारण खडूची पूड इतकी बारीक की झाडू मारला की वर उडते आणि परत बाकांवरच येऊन बसते. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला किंवा जिथे शेजारी टॉवरचं काम चालू आहे तिथे तर सिमेंटची धूळ वेगळीच. आणि पावसाळा विसरू नका, शाळा जूनमध्ये सुरू होते ती चिखलाचे बूट, गळक्या छत्र्या आणि खिडकीतून आत आलेलं पाणी घेऊनच.

2. प्लग

हे कोणीच बघत नाही आणि सगळी गंमत इथेच होते. जुन्या वर्गांमध्ये बहुतेक एकच छोटा 6 अँपिअरचा सॉकेट असतो, सरांच्या टेबलाजवळ. 230 व्होल्ट गुणिले 6 म्हणजे 1380 वॅट, ही झाली त्याची हद्द, आणि हद्दीला टेकून रोज मशीन चालवू नये. 1400-1600 वॅटचं मशीन घेतलं की ते जाड पिनचं येतं, मग कोणीतरी कन्व्हर्टर लावतं, वायर गरम होते, एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो आणि शिपाईमामा म्हणतात मशीनच बिघडलं. दोनच रस्ते आहेत, एकतर इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक मजल्यावर पॅसेजमध्ये 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या, नाहीतर 1000 ते 1200 वॅटमध्येच मशीन बघा. अर्थिंग पण तपासून घ्या, ओल्या लादीवर मशीन चालणार आहे. गुंडाळीचं एक्स्टेंशन वापरणार असाल तर वायर पूर्ण उलगडूनच वापरायची, गुंडाळलेली ठेवली तर आतल्या आत तापते. घरगुती मशीनची वायर साधारण चार-पाच मीटर असते, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंतसुद्धा जात नाही. 10 मीटरच्या वरची बघा.

3. वॅटला भुलू नका

वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, ओढतं किती ते नाही. ओढ किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते, आणि हवा किती वाहते ते लिटर प्रति सेकंद किंवा घनमीटर प्रति तासात. दोन्ही विचारा. किलोपास्कलचा आकडा पाइपचं तोंड बंद करून काढतात, त्यामुळे नुसता तो मोठा असून उपयोग नाही, हवेचा प्रवाह कमी असेल तर रुंद ब्रशखालची माती तिथेच राहते.

4. प्रकार कोणता

शाळेसाठी मला टब टाइप, वेट अँड ड्राय, म्हणजे कोरडी धूळ आणि पाणी दोन्ही ओढणारा, हाच पटतो. 15 ते 20 लिटरचा पुरे, मोठी शाळा असेल तर 30. पण हिशोब करा, 20 लिटर पाणी भरलं की ते पाणीच 20 किलो, वर मशीनचं वजन, आणि मावशींनी ते उचलून बाथरूममध्ये ओतायचं? म्हणून खाली ड्रेनची नळी असलेला घ्या. बायपास मोटर आहे का हेही विचारा, म्हणजे मोटर थंड करणारी हवा वेगळी फिरते, ओढलेली ओली हवा मोटरमधून जात नाही. लिफ्ट नसलेल्या शाळेत पाठीवर लावायचं बॅकपॅक मशीन जिन्यांसाठी आणि जाळ्यांसाठी भारी पडतं, फक्त ते पाणी ओढत नाही आणि ज्यांना पाठदुखी आहे त्यांच्या गळ्यात मारू नका. कॉर्डलेस काठीवाला स्टाफरूमपुरता ठीक. रोबोट? बाकांच्या पायांमध्ये अडकून बसेल, पोरांची करमणूक होईल तेवढी.

5. फिल्टर आणि बॅग

पुढून धूळ ओढायची आणि मागून बारीक धूळ मुलांच्या नाकासमोर सोडायची, असं मशीन घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं. दम्याची मुलं वर्गात असू शकतात. खरा हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' असेल तर हा आकडा त्याला लागू नाही, ग्रेड लिहिलेला मागा, जसं एच13. बॅगलेस मशीन स्वस्त वाटतं पण खडूच्या पुडीने फिल्टर पटकन चोंदतो आणि डबा रिकामा करताना अर्धी धूळ परत अंगावर. बॅगवालंच घ्या. फक्त पाणी ओढायच्या आधी बॅग आणि हेपा दोन्ही काढून स्पंजचा फिल्टर लावायचा, हे ज्या बाई किंवा मामा मशीन चालवणार त्यांनाच दाखवून ठेवा, ऑफिसातल्या क्लार्कला नाही.

6. आवाज

दोन सत्रांची शाळा असेल तर सकाळची मुलं बाहेर आणि दुपारची आत, मधे साफसफाईला मिळतो तो जेमतेम वेळ. शेजारच्या वर्गात बाई शिकवत असतील तर 70 डेसिबलच्या आतलं मशीन हवं. 80 चं घेतलं तर दहाच वाढले असं वाटतं, कानाला ते जवळपास दुप्पट लागतं.

7. डेमो शाळेत, शोरूममध्ये नाही

युरेका फोर्ब्स, कार्चर, रूट्स अशा कंपन्यांची कमर्शियल मशीनं मिळतात, डीलरला शाळेत बोलवा. मशीन मावशींच्या हातात द्या, एक जिना चढवायला सांगा, खडूची पूड आणि बादलीभर पाणी दोन्ही ओढून दाखवायला लावा. त्यांनी नाक मुरडलं तर तो सौदा सोडा, वापरायचंय त्यांना.

वॉरंटी कार्ड नीट वाचा, बऱ्याच घरगुती मॉडेलांना कमर्शियल वापरात वॉरंटी लागू होत नाही आणि शाळा त्यातच धरतात. सर्व्हिस ठाण्यात, वाशीत कुठे आहे, की अंधेरीहून माणूस येणार? बॅग, होज पाइप, मोटरचे कार्बन ब्रश सुटे मिळतात का? जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून किंवा कोटेशन मागवून घेत असाल तर लिटर, वायरची लांबी, फिल्टरचा ग्रेड, डेसिबल हे सगळं स्पेसिफिकेशनमध्ये लिहा, नुसतं 'व्हॅक्यूम क्लीनर 1 नग' लिहिलं की सगळ्यात स्वस्त तेच दारात येणार. सुट्या बॅगा त्याच बिलात घ्या, नंतर पाच-पाचशेच्या मंजुरीसाठी फाइल फिरते.

8. मशीनवर मराठीत कागद चिकटवा

काय ओढायचं नाही ते: काचा, पेटती काडी, गरम राख, झेरॉक्सच्या टोनरची पावडर (ती इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून आरपार जाते, त्यासाठी वेगळं मशीन लागतं). आणि सायन्स लॅबमध्ये पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर व्हॅक्यूम अजिबात नाही, झाडूही नाही. पाऱ्याची वाफ खोलीभर पसरते आणि मशीन कायमचं खराब होतं. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, लॅबचं आतलं दार लावून घ्या, हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र करून ड्रॉपरने झाकणाच्या बाटलीत भरा.