कूलर घ्यायच्या आधी मोजपट्टी काढा

ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्या गेमिंग पीसीसाठी प्रोसेसरचा कूलर बघताय? आधी प्रोसेसर किती वॅट ओढतो ते पाहा. इंटेलच्या कोअर आय७-१४७००के पुढे १२५ वॅट लिहिलेलं दिसेल, पण तो बेस पॉवरचा आकडा. टर्बोमध्ये, म्हणजे ताण आल्यावर वेग वाढवताना, हाच प्रोसेसर कंपनीच्याच हिशेबाने २५३ वॅटपर्यंत जातो, आणि ओव्हरक्लॉक करताना तीही मर्यादा आपण उठवलेली असते. म्हणून एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू ठेवून अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) चालवा, मग तासभर नेहमीचा गेम खेळा आणि दोन्ही वेळचा ‘पॅकेज पॉवर’, म्हणजे प्रोसेसरने ओढलेल्या वॅटचा आकडा, टिपून ठेवा. गेममधला आकडा सहसा बराच कमी येतो. मशीन निव्वळ गेमसाठी असेल तर तोच धरा. व्हिडिओ रेंडर करत असाल तर सिनेबेंचचा.

व्होल्टेज अजून चढवायचं असेल तर हिशेब आधीच मांडा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चे १.३५ व्होल्ट केले आणि वेग ५ टक्के वाढवला, तर उष्णता साधारण २२ टक्के वाढते. मला हा सौदा महागच वाटतो, पण हौसेला मोल नसतं.

आता खोलीचं तापमान, कारण आपल्याकडे खरी मेख तिथेच आहे. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. परीक्षणात २४ अंशांच्या खोलीत ८२ अंश दाखवणारा कूलर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, घरात ३८ अंश असताना, ९६ च्या आसपास जाणार. १४७००के १०० अंशांना स्वतःचा वेग उतरवतो, एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी ९५ ला. तेव्हा परीक्षण वाचताना त्यांच्या खोलीचं तापमान आधी शोधा, आणि डिसेंबरात चाचणी करत असाल तर आलेल्या आकड्यात पंधरा अंश मिळवूनच निर्णय घ्या.

मग कॅबिनेट उघडा. एअर कूलरमध्ये नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई ची १५५. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरसाठी किती जागा दिली आहे ते बघा. रॅमवर उंच आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पट्ट्या असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची वाढते. काचेचं झाकण मग बसत नाही. लिक्विड कूलर घेताना नुसतं ‘३६० बसतो’ (म्हणजे ३६० मिमीचा रेडिएटर) एवढ्यावर समाधान मानू नका. रेडिएटर २७ मिमी जाड आणि पंखा २५, म्हणजे ५२ मिमी जागा हवी; आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटरच ३८ मिमीचा आहे. वर लावला तर रॅमला अडतो, समोर लावला तर ग्राफिक्स कार्डाला. कसाही लावा, पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खालीच राहिला पाहिजे, नाहीतर हवा पंपात साठते.

माझं मत विचाराल तर बहुतेक गेमर्सना दोन टॉवरचा (पातळ पत्र्यांच्या दोन उभ्या गठ्ठ्यांचा) एअर कूलर पुरतो. त्यातला पंखा गेला तर पंखाच बदलायचा; लिक्विडचा पंप गेला की बहुधा अख्खा संच नवा. मर्यादा उठवलेला आय९ किंवा आय७ सतत पूर्ण ताणावर चालवणार असाल, तरच ३६० कडे वळा.

सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेवर कूलर बसवायचं, किटही तपासा. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटची भोकं ७८ मिमी अंतरावर असतात, आधीच्या एलजीए१२०० ची ७५ वर. जुना कूलर वापरायचा तर नवीन ब्रॅकेट मागवावं लागेल. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा कूलर काढताना मशीन थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच फिरवून सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि नव्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढल्याशिवाय स्क्रू आवळू नका.