प्रेप मागायला आलेल्याचे हेलपाटे कसे वाचवावेत

एचआयव्हीची लागण होण्याआधीच घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळीला, म्हणजे प्रेपला, अमेरिकेत २०१२ साली मंजुरी मिळाली आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लागणीचा मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. गोळी नियमित घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्के कमी होतो. तरीही ती मागायला आलेला माणूस पुढची तारीख घेऊन परततो आणि पुन्हा येत नाही. म्हणून दवाखान्यातील सुधारणेची सुरुवात हेलपाटे कमी करण्यापासून करावी.

पहिल्याच भेटीत एचआयव्हीची चाचणी करून, अलीकडे ताप, घसादुखी किंवा अंगावर पुरळ येऊन गेले का, हे विचारावे, कारण लागण नवी असेल तर चाचणीत ती दिसेलच असे नाही. गेल्या ७२ तासांत धोक्याचा संबंध आला असल्यास आधी २८ दिवसांचे संपर्कोत्तर औषध द्यावे आणि ते संपताच, पुन्हा चाचणी करून, खंड न पडू देता प्रेप सुरू करावे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी तपासणी) आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त त्याच दिवशी घ्यावे. मात्र मूत्रपिंडाच्या विकाराची शंका नसेल तर अहवालासाठी गोळी अडवून ठेवू नये. हिपॅटायटिस बी आढळला तरी प्रेप नाकारण्याचे कारण नाही, पण गोळी परस्पर बंद केल्यास यकृताचा दाह उसळू शकतो, हे स्पष्ट सांगावे.

प्रश्न सर्वांना सारखेच विचारावेत आणि स्वतःहून गोळी मागणाऱ्याला आपला धोका सिद्ध करायला लावू नये. (तो आजारी नाही, त्याला ‘रुग्ण’ म्हणणेही खरे तर चुकीचेच आहे.)

गळती खरी होते ती त्यानंतर. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि तिमाही चाचणी व पुढचा पुरवठा प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपवावा. गोळीऐवजी इंजेक्शनने प्रेप घेणाऱ्याला कॅबोटेग्राविर या औषधाचे इंजेक्शन, सुरुवातीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने दिल्यावर, दर दोन महिन्यांनी, तर लेनाकापाविरचे दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. तारीख चुकली तर औषध शरीरात अपुऱ्या प्रमाणात रेंगाळते आणि त्या काळात लागण झाल्यास विषाणू औषधाला दाद न देणारा बनू शकतो. म्हणून नोंदवहीत किती जणांनी औषध सुरू केले एवढेच न लिहिता, दुसऱ्या वेळी किती जण आले हा रकानाही ठेवावा, आणि न आलेल्यांना त्यांनी सांगितलेल्या मार्गानेच, कारणाचा उल्लेख न करता, निरोप पाठवावा.