परसात रातांबा की मायाळू: जागा, ऊन आणि वर्षे यांचा हिशेब

कोकणात किंवा गोव्यात घरामागे गुंठा-दोन गुंठे परस असले, की पावसाळ्याच्या तोंडावर त्या जागेत दीर्घकाळ टिकणारे फळझाड लावावे की रोजच्या भाजीसाठी मांडव घालावा, हा प्रश्न हमखास पुढे येतो. या लेखात त्यासाठी रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, सदाहरित झाड आणि मायाळूचा वेल यांची तुलना केली आहे. दोन्ही या दमट हवेत उत्तम वाढतात आणि दोन्हींचे उत्पन्न एकाच स्वयंपाकघरात येते. माझे स्पष्ट मत असे आहे की, जागा आधी रातांब्याची ठरवावी आणि उरलेल्या उन्हात मायाळू बसवावा. वेलाची जागा दर हंगामात बदलता येते, परंतु जमिनीत रुजलेले झाड पुन्हा हलवता येत नाही.

निर्णयात सर्वांत मोठा वाटा सावलीचा असतो, आणि नेमका तोच विचार बहुधा राहून जातो. पानगळीच्या झाडाखाली काही महिने तरी ऊन उतरते. रातांब्याची दाट, गडद हिरवी पाने मात्र बाराही महिने झाडावर असतात, त्यामुळे त्याच्याखाली पडणारी सावली कायमची असते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या उत्तरेकडे लांबतात. म्हणून रातांबा परसाच्या उत्तर किंवा वायव्य कोपऱ्यात लावावा आणि मायाळूचा मांडव त्याच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घालावा, म्हणजे झाड मोठे झाल्यावरही भाजीला सकाळचे ऊन मिळत राहते. घराची भिंत, विहीर आणि सांडपाण्याची टाकी यांपासून झाड किमान चार-पाच मीटर दूर असावे. दुसऱ्या मोठ्या झाडापासून सहा मीटर अंतर ठेवणे योग्य ठरते. कोकणातील वाड्यांमध्ये रातांबा नारळ-सुपारीच्या विरळ सावलीतही वाढतो, त्यामुळे तेथे आधीच माड असतील तर त्यांच्यामधली जागाही त्याला चालते. मायाळूलाही थोडी सावली सोसते, किंबहुना त्यात त्याची पाने अधिक रुंद होतात, परंतु दिवसातून चार-पाच तास ऊन मिळाले नाही तर वेल लांबट आणि अशक्त होतो.

रातांब्याचे रोप निवडताना घाई करू नये. या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. झाड नर आहे की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि बियांच्या झाडाला फुलोरा यायला सात-आठ वर्षे लागतात. ज्याच्याकडे एकाच झाडापुरती जागा आहे त्याने ही जोखीम घेण्याचे कारण नाही. त्याने मादी झाडाचे कलमच घ्यावे, ज्याला चार-पाच वर्षांत फळे दिसू लागतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती विकसित केल्या आहेत, आणि खात्रीच्या रोपवाटिकेतून त्यांची कलमे मागावीत. परागीभवनासाठी आसपास एखादे नर झाड असणे हिताचे असते. गावात रातांब्याची जुनी झाडे असतील तर ही गरज आपोआप भागते.

कलम घेताना आणखी एक गोष्ट विचारावी, कारण लहान परसात तिला फार महत्त्व आहे. कलमाची काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्यावरून घेतलेली असेल तर झाड उभे, खाली रुंद आणि वर निमुळते वाढते. काडी आडव्या फांदीवरची असेल तर झाड जमिनीलगत पसरत जाते. पसरट झाडाची फळे हाताने काढता येतात ही त्याची सोय खरी, परंतु ते भाजीची जागा व्यापते. जागा कमी असल्यास उभ्या वाढीचेच कलम निवडावे.

मे महिन्यात लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी 60 सेंटिमीटर असा खड्डा खणावा आणि तो चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरून ठेवावा. जांभ्या कातळावर माती पातळ असेल तर खड्डा मोठा करणे आवश्यक आहे. पावसाचा जोर स्थिरावला की कलम लावावे, त्याचा जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी, वाऱ्यासाठी काठीचा आधार द्यावा आणि जोडाच्या खालून येणारे फुटवे वेळोवेळी काढून टाकावेत. पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात पाचोळ्याचा जाड थर आणि नियमित पाणी हवे. त्यानंतर कोकणात हे झाड बहुधा वेगळ्या पाण्यावाचून तग धरते. देशावरच्या कोरड्या हवेत मात्र पाणी आणि उन्हाळी सावली यांची सोय अधिक काळ करावी लागते, आणि तेथे पाण्याची शाश्वती नसेल तर रातांब्याचा आग्रह धरू नये.

मायाळूचे काम याच्या अगदी उलट, झटपट चालते. बी कठीण असते, म्हणून ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरावे. दहा-पंधरा दिवसांत ते उगवते. याहून सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्याच्या वेलाच्या वीतभर लांब, तीन-चार पेरांच्या काड्या आणून ओल्या मातीत खोचणे, कारण त्या सहज मुळे धरतात. दोन वेलांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे. कोकणातील पावसात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच करावा आणि वेल बांबूच्या ताटीवर किंवा मांडवावर चढवावा, म्हणजे पाने चिखलापासून वर राहतात. साधारण दोन महिन्यांत पहिली खुडणी होते. शेंड्याकडचा 15 ते 20 सेंटिमीटरचा कोवळा भाग खुडला, की खालच्या पेरांतून नवे फुटवे येतात आणि दर आठ-दहा दिवसांनी भाजी मिळत राहते. खुडणीत हयगय केल्यास वेल जून होतो. दिवस लहान होऊ लागले की त्याला फुले आणि मग जांभळी फळे धरतात आणि पानांची वाढ मंदावते. त्या वेळी थोडे बी धरून वेल काढून टाकावा. दमट हवेत पानांवर लालसर कडांचे गोल ठिपके पडतात. अशी पाने लगेच तोडून नष्ट करावीत, वेलात हवा खेळती ठेवावी आणि त्याच जागी सलग दोन हंगाम मायाळू घेऊ नये.

एक मोह कटाक्षाने टाळायला हवा. मांडवाचा खर्च वाचवण्यासाठी मायाळू थेट रातांब्याच्या कोवळ्या कलमावर चढवला जातो. हा वेल एका हंगामात कितीतरी मीटर वाढतो, आणि रातांब्याची सुरुवातीची वाढ अतिशय संथ असते, त्यामुळे कलमाचा शेंडा झाकला जाऊन वाकतो आणि वाढीची मोलाची वर्षे वाया जातात. मांडव कलमापासून निदान दीड-दोन मीटर दूर असावा.

रातांब्याची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात, म्हणजे सालींना मीठ व रस लावून पुन्हापुन्हा उन्हात वाळवण्याचे आमसुलांचे काम पावसाच्या आत उरकावे लागते. वळवाच्या पावसात भिजलेली फळे त्यासाठी निरुपयोगी ठरतात. म्हणून लवकर पिकणारे कलम केव्हाही सरस. हीच आमसुले पावसाळ्यात मायाळूच्या भाजीत पडतात. आठळ्या घालून ही भाजी करताना आमसूल आठळ्या शिजल्यानंतरच टाकावे, कारण आंबटपणामुळे त्या नीट मऊ होत नाहीत.

सात-आठ वर्षांनी रातांब्याचा पसारा वाढून मांडवावर सावली येऊ लागली, तर झाडाच्या फांद्या सरसकट तोडण्याऐवजी जमिनीलगतच्या एक-दोनच कमी कराव्यात आणि मांडव दक्षिणेकडे सरकवावा. मोकळ्या झालेल्या विरळ सावलीच्या पट्ट्यात, खोडापासून अंतर राखून, हळद, आले किंवा अळू लावावे.