पोळ्याचा बैल का तडकतो? अंगणवाडीत आठवडाभराचा शोध

आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून नुसत्या काळ्या मातीचा बैल उन्हात ठेवला की तडकतोच. तो तडकू द्या. ताईंनी आधीच वाळू मिसळून दिली, तर मुलांना शोधायला काही उरत नाही.

वीस मुलांना पाच-सहा किलो कोरडी माती पुरते. तळ्याचा गाळ चालेल, फवारणी झालेल्या रानातली माती नको. ढेकळं फोडून चाळा, काचा आणि बाभळीचे काटे वेचा, घमेल्यात रात्रभर भिजवा. सकाळी करंगळीएवढी वळी करून पाहा: हाताला चिकटली तर कोरडी माती घाला, तुटली तर पाण्याचा हबका मारा.

पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येकाला मोसंबीएवढा गोळा द्या. नमुन्याचा बैल समोर ठेवू नका, नाहीतर वीस बैल एकसारखे होतात. त्यापेक्षा गोठ्यातला खरा बैल दाखवून आणा: वशिंड कुठं आहे, शिंगं कुणीकडं वळलीत? पाय नुसते दाबून लावले तर वाळताना सुटतात. दोन्ही बाजू काडीनं खरवडून मध्ये पातळ चिखल लावला की धरतात. मात्र ही युक्ती पाय सुटून पडल्यावरच दाखवा.

बैल तडकले की गोल करून बसा. "का तडकला?" या प्रश्नानं चार वर्षांचं मूल गप्प होतं. "भेग कुठून सुरू झाली, बोट फिरव" म्हणा. मग तीच भेग कोळशानं कागदावर काढायला द्या. काढता काढता मूल नीट बघतं. एखादी म्हणेल, "ताई, मातीला तहान लागली." तिला दुरुस्त करू नका. चित्राखाली तिचेच शब्द तारखेसह लिहा, कारण पुढचा प्रयोग तिथूनच निघतो: तहान लागू नये म्हणून काय करायचं? भिंत लिंपताना मातीत काय मिसळतात, हे आजीला विचारून यायला सांगा.

आता बोटभर जाडीच्या चार चकत्या करा. एक नुसत्या मातीची, एक तीन वाट्या मातीत एक वाटी वाळू घालून, एक तेवढ्याच मातीत वाटीभर गव्हाचा भुसा घालून. या तिन्ही उन्हात ठेवा. चौथी नुसत्या मातीचीच, पण सावलीत ओल्या गोणपाटाखाली. जाडी कमीजास्त झाली तर फरक कशानं पडला ते कळत नाही, इथं घाई करू नका. रोज एकाच वेळी चित्र काढा. हवा दमट असेल तर चार-पाच दिवस लागतात. वाळू जास्त झाली तर भेगा कमी पडतात, पण कडा भुरभुर झडतात. भुशाच्या काड्या माती धरून ठेवतात. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत. त्या गिलाव्याचा फोटो मुलांना प्रयोगानंतर दाखवा, आधी नको.

रंगाला गेरू आणि हळद डिंकाच्या पाण्यात कालवा. चुना मुलांच्या हाती देऊ नका, कातडी भाजते. रंग लावायच्या आधी तडकलेले बैल घमेल्यात भिजत टाका: त्याच मातीत मुलांनी निवडलेली मिसळण घालून पुन्हा बैल करता येतात.