गावाकडून सोलापूरला: कॉलेजच्या पहिल्या वर्षाबद्दल

बारावीपर्यंत आपल्यामागे कुणीतरी असतं. वही तपासणारे सर, क्लासमधली हजेरी, 'अभ्यास झाला का' म्हणणारी आई. मंगळवेढ्याहून बीएस्सीला सोलापुरात आले आणि हे सगळं एकदम थांबलं. तासाला बसलात काय, नाही बसलात काय, त्या दिवशी कुणी अवाक्षर काढत नाही. ७५ टक्क्यांखालच्यांची यादी बोर्डावर लागते ती सेमिस्टर संपताना. म्हणून नव्या मुलामुलींना मी आधी एवढंच सांगते: पहिले दोन महिने एकही तास चुकवू नका.

सेमिस्टर दिसतं त्याहून लहान असतं. प्रवेश, दाखले, विषय बदलणं यातच सुरुवातीचे आठवडे जातात. मग गणपती, नवरात्र, आणि परीक्षा दारात. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय) या नावांनी बिचकू नका, हिशेब सोपा आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांत संपतो, आठवड्याला दोनच तास. गावची जत्रा, मावसबहिणीचं लग्न, थोडा ताप असं करत तीन आठवडे गेले की पेपरचा पाचवा हिस्सा गेला. प्रॅक्टिकलचं जर्नल तर त्याच आठवड्यात सही करून घ्या. शेवटी सह्यांसाठी रांग लागते.

खरी दमछाक होते ती इंग्रजीने. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिल्या महिन्यात वाटतं, वर्गात आपल्यालाच काही कळत नाही. तसं नसतं. सोलापुरात तुमच्या बाकावर पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मुलगी असेल, मागे अक्कलकोटचा कन्नड बोलणारा मुलगा, पलीकडे उर्दू शाळेतून आलेला. इंग्रजी बहुतेकांना तितकीच परकी. माझी मैत्रीण घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि आता इंग्रजी अशी तिसऱ्या भाषेत शिकत होती. तास संपला की आम्ही रिकाम्या वर्गात थांबायचो. ती व्याख्या मोठ्याने वाचायची, मी ती मराठीत सांगायची, मग दोघी वही मिटून इंग्रजीत लिहायचो. रसायनशास्त्रातला लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, असाच सुटला: पीठ दहा भाकरींचं आहे पण सरपण चार भाकरींपुरतंच, तर भाकरी चारच होणार आणि पीठ उरणार. ते समजल्यावर इंग्रजी वाक्य पाठ करावं लागलं नाही. सुरुवातीला एका पानाला तास जायचा, दिवाळीपर्यंत हात बसला. जोडीदार मात्र पहिल्याच आठवड्यात शोधा. आणि शंका मराठीतच विचारा, स्टाफरूममध्ये जाऊन विचारा. मराठीत विचारलं म्हणून सरांनी परत पाठवलंय असं मी तरी पाहिलं नाही.

कामांसाठी कुठे जायचं याचाही गोंधळ होतो. विद्यापीठ पुणे रस्त्यावर केगावला, आणि आपलं कॉलेज शहरात. फॉर्म, मार्कशीट, नावातली दुरुस्ती, काहीही असो, आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा, उगाच केगावची चक्कर नको. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं म्हणून हे एवढ्यावर निभावतं. त्याआधी इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडे होती आणि मोठं काम निघालं की कोल्हापूर गाठावं लागायचं. स्कॉलरशिपचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म मात्र तुमचा तुम्हीच भरायचा, दरवर्षी. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं गावाहून निघायच्या आधीच तयार ठेवा.

एसटीने रोज जाऊन-येऊन करणारे पुष्कळ आहेत. जमतं, पण प्रॅक्टिकल दुपारी असलं की घरी पोचेपर्यंत अंधार पडतो आणि पुस्तक उघडायचं त्राण राहत नाही. घरी परवडत असेल तर निदान पहिलं वर्ष हॉस्टेल किंवा कॉटबेसिस बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा जरूर जा, सगळं कॉलेज तिथेच भेटतं. खोली घेताना मात्र मेसच्या आधी छत बघा. जुलैत पत्र्याची खोली स्वस्त आणि बरी वाटते, पण दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा ऐन उन्हाळ्यात येते. पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि रात्री झोप लागत नाही. भाडं थोडं जास्त पडलं तरी स्लॅबचीच खोली घ्या.